‘थांब’ सांगणारा निरोप

विशाखा,

परवा विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं. भन्तेजी बोलले, तुमच्या कॉलेजचे प्राचार्य बोलले, स्टाफरूममधल्या दोघी-तिघी बोलता बोलता रडल्या. तू कॅन्सरशी कशी झुंज दिलीस, हे प्रत्येकाने सांगितलं. मी पुढच्या सतरंजीवर बसून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, हा शब्द हिच्यासमोर कुणी काढला असता तर हिने ताबडतोब खोडून काढला असता. मला तरी कितीदा टोकलं होतंस. "झुंज कसली? माझ्याच पेशी आहेत त्या. त्यांचं माझ्याशी वैर नाही. त्यांना थांबायचं कळत नाही, एवढंच."

एवढंच म्हणायचीस. जणू नळाचा वायसर गेलाय.

तुझ्याबद्दल बोलायला मला कुणी उठवलं नाही, ते बरं झालं. मला जे बोलायचंय ते तुझ्याशीच आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलंय. तू मधेच निघून गेलीस, आणि आता त्यातली तुझी वाक्यंसुद्धा मलाच बोलावी लागतात.

मिलिंदपासून सुरू करतो, कारण तूही नेहमी तिथूनच सुरू करायचीस. आपण दोघं उल्हासनगरच्या कॉलेजात होतो, मी केमिस्ट्रीला, तू झूलॉजीला. ओळख होती ती हातात जर्नल धरून एकमेकांना वाट देण्याएवढी. तुझा धाकटा भाऊ शाळेच्या मैदानात पडला आणि त्याचा गुडघा सुजला. सूज उतरेना. विठ्ठलवाडीच्या तुमच्या चाळीतून त्याला दवाखान्यात न्यायला कुणी नव्हतं, वडील आधीच गेलेले. मी सायकल घेऊन आलो. तो कॅरियरवर बसायचा, पाय सरळ ठेवून, आणि तू शेजारून चालायचीस, त्याची टाच हातात धरून. खड्डा आला की तू मला आधीच सांगायचीस. आपलं पहिलं बोलणं ते. "डावीकडून घ्या. हळू."

तो गुडघा नव्हता, हाड होतं. मुंबईला त्याचा पाय कापावा लागला. तरी तो राहिला नाही.

त्याआधी तुझी आत्या गेली होती, अंगावर पिणारं मूल मागे ठेवून, छातीच्या गाठीने. मग वडील, डोक्यातल्या गाठीने. चाळीत लोक म्हणू लागले, त्या घराला काहीतरी लागलंय. नळावर बायका तुझ्या आईला जागा करून द्यायच्या, ती मायेने नव्हे, अंतर राखायला. एकदा मी आलो तेव्हा तू कात्री घेऊन उभी होतीस आणि आईच्या दंडावरचा काळा दोरा कापत होतीस.

"आई, हे सगळं सोडलंय ना आपण? बाबांनी माझं नाव विशाखा ठेवलं ते कशासाठी?"

आई शांतपणे म्हणाल्या, "आपण सोडलंय गं. पण ज्याने आपल्याला धरलंय, तो कुठे सोडतोय?"

तू कात्री खाली ठेवलीस. पुढे मुंबईत कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या एका लॅबमध्ये लागलीस, तेव्हा लोकांनी तुला विचारलं की हाच विषय का. तू त्यांना काहीतरी सांगायचीस. मला माहीत होतं की तुला आईच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंय.

लग्नानंतर एकदा तू मला ती लॅब दाखवायला नेलंस. काचेच्या चपट्या बशीत गुलाबी पाणी, तळाला पेशी. मायक्रोस्कोपला डोळा लावला तर मला पावसाळ्यात खिडकीच्या काचेवर दिसतात तसे ठिपके दिसले. "ह्यांना मी किरण दिलेत," तू म्हणालीस. "किरण लागले की आतला डीएनए तुटतो. तुटला की पेशीला कळतं. एक प्रोटीन दुसऱ्याला शिवतं, दुसरं तिसऱ्याला, असा आतपर्यंत निरोप जातो की थांब, आत्ता दोन होऊ नकोस, आधी डागडुजी कर. नाहीच जमलं तर मरून जा. आणि त्या खरंच मरतात. बाकीच्यांसाठी." मग तू दुसरी बशी ठेवलीस. "ह्यांनाही तेवढेच किरण दिलेत. ह्या थांबल्या नाहीत. तुटलेल्या डीएनएसकट वाढत चालल्यात."

मी तेव्हा अंबरनाथला आनंदनगरच्या एका केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होतो. मी म्हणालो, आमच्या रिअ‍ॅक्टरचं तापमान वाढलं की सेन्सर बोंबलतो, मधला रिले खटक्यासारखा पडतो आणि आत जाणारा फीड आपोआप बंद होतो. तू मला दंडावर चापट मारलीस. "तेच तर. आता समज, सेन्सर ठीक आहे, वायर ठीक आहे, पण मधला रिलेच खराब निघाला." पुढे कॉलेजात शिकवायला लागल्यावर तू वर्गातही तेच उदाहरण द्यायचीस. उल्हासनगरची तुझी सिंधी मुलं मला रस्त्यात भेटली की हसायची. म्हणायची, "सर, मॅडमने आज फिर आपका प्लांट बंद करवाया."

प्रज्ञा झाली तेव्हा तू लॅब सोडून कॉलेजला शिकवायला लागलीस. मी दुःख केलं, तू केलं नाहीस. पण लॅबमधल्या तुझ्या गाइडसरांकडे तू जात राहिलीस, त्यांच्याकडची जर्नलं चाळत राहिलीस. एका रविवारी दुपारी तिथून आलीस ती चप्पल न काढता स्वयंपाकघरात येऊन उभी राहिलीस. मी कांदा कापत होतो.

"अशी घरं आहेत," तू म्हणालीस.

"कशी?"

"आमच्यासारखी. परदेशात सापडलीत. एकाच घरात कुणाला हाडाचा, कुणाला छातीचा, कुणाला मेंदूचा. तरुणपणीच. त्यांच्यात तो मधला रिलेच जन्मापासून अर्धा खराब असतो. पी-फिफ्टीथ्री नावाचं प्रोटीन. मी ज्याच्यावर काम करत होते, तेच." मग तू बोटं दुमडत गेलीस. "आत्या. बाबा. मिलिंद." चौथं बोट दुमडलं नाहीस, पण माझी नजर त्याच्यावरच होती.

तुझ्या चेहऱ्यावर त्या वेळी भीती नव्हती, हे मी कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. तू हलकी झाली होतीस. त्याच संध्याकाळी विठ्ठलवाडीला जाऊन आईंना सांगितलंस की कुणी काही केलेलं नाही, कुणाची नजर नाही, बाबांच्या रक्तातून आलेली एक चूक आहे, चुकीचं अक्षर छापलं गेल्यासारखी. आईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "म्हणजे घरातलंच आहे." आणि पदर डोळ्यांना लावला. तुला वाटलं होतं त्यांचं ओझं उतरेल. ते फक्त बाहेरून आत आलं.

पुढच्याच वर्षी तुला छातीत गाठ लागली.

तिथे आपलं पहिलं मोठं भांडण झालं. मी म्हणालो, माझ्या कपड्यांतून रोज काय काय घरी येतं, वालधुनी नदीचं पाणी कुठल्या रंगाचं वाहतं ते बघतो ना आपण, हे माझ्या कंपनीचं आहे. मला कुणावर तरी राग काढायचा होता. तू चिडलीस. चारचौघांत तू मला "अहो" म्हणायचीस आणि भांडताना "तू". "तू सगळं स्वतःवर घेऊ नकोस. धूर, ऊन, तुझी केमिकलं, सगळ्यांनी डीएनए तुटतो. सगळ्यांचाच तुटतो, रोज. शेजारच्या काकूंचाही तुटतो. त्यांच्यात थांब सांगणारा शाबूत आहे." मी म्हणालो, पण धूर कमी असता तर निरोप द्यायची वेळ कमी आली असती.  तू म्हणालीस, "हो. तेही खरं आहे." तुझं हे मला फार आवडायचं. दुसऱ्याचं बरोबर असलं की तू कंजूषपणा करायची नाहीस.

ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले की आता किरणं घ्यायची. तू त्यांना विचारलंस, "डॉक्टर, माझ्या पेशींना किरणं लागल्यावर थांबायचं कळत नसेल, तर?" ते दमलेले होते, बाहेर रांग होती. म्हणाले, "मॅडम, आता काही दिवस सायंटिस्ट नका राहू, पेशंट व्हा." ते वाईट माणूस नव्हते. तेव्हा तुझ्या रक्तात ती चूक आहे हेही ठरलेलं नव्हतं. तू गाइडसरांना फोन केलास. त्यांनी सांगितलं की खात्रीने कुणालाच माहीत नाही. तुझा फोन झाल्यावर आपण पीसीओच्या बाहेर उभे राहिलो. 

तूच म्हणालीस, "प्रज्ञा पहिलीत आहे. मला तिची पुढची काही वर्षं हवीत. किरणांनी ती मिळण्याचा संभव जास्त आहे. त्याच्या पुढचं पुढे. आणि ऐक, हे मी ठरवलंय. पुढे काही झालं तर तू हे स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरायचं नाहीस."

मी ते पाळायचा प्रयत्न करतोय.

आणि तुला ती वर्षं मिळाली, विशाखा. आज सगळं काळं दिसत असताना मला स्वतःला हे बजावून सांगावं लागतं. उल्हासनगरच्या लछमीआंटीने तुला ब्लाउज शिवून दिले, एका बाजूला स्पंज घालून, असे बेमालूम की तू आरशासमोर दोनदा वळून बघितलंस. तू मापासाठी पदर बाजूला करायला कचरत होतीस तेव्हा ती म्हणाली होती, "शरम किस बात की बेटी, मैंने तो इससे भी टेढ़े नाप लिए हैं।" तू इतकी हसलीस की टाके दुखले. नंतर तू त्याच ब्लाउजांत कॉलेजला गेलीस, फळ्यावर पेशी काढल्यास, प्रज्ञाला पोहायला शिकवायचं म्हणून बदलापूरला नदीवर घेऊन गेलीस आणि स्वतः काठावर साडी खोचून ओरडत राहिलीस. आपण बदलापुरात कात्रपला हा फ्लॅट घेतला तो तेव्हाच. तू म्हणालीस, अंबरनाथच्या वाऱ्यापेक्षा इथला बरा. माझं अर्धं म्हणणं तू मान्य केलं होतंस, पण बोलून दाखवलं नाहीस.

मधल्या काळात गाइडसरांच्या लॅबमध्ये रक्तातून ते तपासायची सोय झाली. तू रक्त दिलंस. उत्तर ऐकायला एकटी गेलीस, मला येऊ दिलं नाहीस. दुपारी कंपनीच्या गेटवरचा वॉचमन मला बोलवायला आला, "साहेब, वहिनी आल्यात." मी हेल्मेटसकट बाहेर आलो. समोर चहाची टपरी होती, बाकड्यावर तू बसली होतीस, मांडीवर पर्स. त्या दिवशी कुठल्यातरी कंपनीने काहीतरी सोडलं होतं, डोळे चुरचुरत होते.

"आहे," तू म्हणालीस.

मी चहा सांगितला.  मग पहिला शब्द माझ्या तोंडून आला तो प्रज्ञा. "उद्याच तिचं रक्त देऊ."

"नाही."

"नाही म्हणजे? निम्मी शक्यता आहे ना? तूच शिकवतेस."

"निम्मी आहे. आणि कळलं तर काय करशील? औषध आहे? त्या रिलेला कुणी हात लावू शकतं? नऊ वर्षांच्या पोरीला आपण रोज गाठीसाठी चाचपत बसणार का? ती खेळायला निघाली की तू तिच्या गुडघ्याकडे बघणार. मी मिलिंदच्या नंतर सगळं आयुष्य स्वतःच्या शरीराकडे चोरासारखं बघितलंय. तिला ते नको."

"मी बाप आहे तिचा."

"म्हणूनच सांगते. तिचं रक्त तिचं आहे. ती मोठी होईल, विचारील, आणि तिला हवं असेल तर देईल. आपण तिच्या आधी ते वाचायचं नाही."

चहा गार झाला. तू घरी गेलीस, मी आत जाऊन बॅचचे सॅम्पल तपासले. पण ते भांडण नंतर कधीच संपलं नाही. भाजी चिरताना, गणवेशाला इस्त्री करताना, कधी कुणाच्या लग्नाच्या पंगतीत सुद्धा दबक्या आवाजात ते सुरूच होतं. मला कळून घ्यायचं होतं, कारण न कळणं मला सहन होत नव्हतं. मी केमिस्ट माणूस, बाटलीवर लेबल नसेल तर अस्वस्थ होतो. तू म्हणायचीस, "ती बाटली नाहीये." मी म्हणायचो, लवकर दिसलं तर लवकर कापता येतं, तुझंच बघ. तू म्हणायचीस, माझंच बघ.

मग गेल्या वर्षी छातीवर, जिथे किरणं दिली होती बरोबर तिथे, कडक काहीतरी उठलं. आधीच्या जातीचं नव्हतं, नवंच होतं. डॉक्टरांनी सांगितलं, किरणांमुळे असेल, नसेलही, तुमच्या रक्तामुळे आपोआपही झालं असेल. ह्या वेळी त्यांचा आवाज खाली होता. तू मान हलवलीस, एखाद्या विद्यार्थ्याने अवघड प्रश्नाचं बरोबर उत्तर दिल्यावर हलवायचीस तशी. बाहेर आल्यावर मी रिक्षा थांबवत होतो तेव्हा म्हणालीस, "त्यांचं चुकलं नव्हतं. माझंही नव्हतं. मला वर्षं मिळाली."

मी त्या वेळी तुझ्यावर फार रागावलो होतो, तुला माहीत नाही. तू इतकी समजूतदार का आहेस, ह्याचा राग होता. तू एकदा तरी आदळआपट केली असतीस तर मलाही करता आली असती.

शेवटच्या आठवड्यात तुला बोलताना धाप लागायची. प्रज्ञा शाळेतून येऊन तुझ्या पायाशी बसून अभ्यास करायची. ती पाणी आणायला गेली तेव्हा मी पुन्हा तोच विषय काढला. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "ती विचारील तेव्हा सांग. त्याआधी नको."

"आणि विचारलंच नाही तर?"

तुझे ओठ हलले. मी वाकलो. प्रज्ञा ग्लास घेऊन आली आणि तू तिच्याकडे बघून हसलीस, तेवढ्यात इंजेक्शनची गुंगी आली. त्यानंतर तू बोललीस ते तहान, उशी, पंखा, असंच काही. माझ्या प्रश्नाचं उत्तर काय होतं, विशाखा? मी रोज वेगवेगळं उत्तर तुझ्या आवाजात ऐकून बघतो. एकही तुझं वाटत नाही.

आता पुढचं सांगतो. तू नव्हतीस तेव्हा झालेलं.

पुण्यानुमोदन संपल्यावर लोक जेवायला बसले. तुझ्या आई प्रज्ञाला जवळ घेऊन रडत होत्या. रडता रडता म्हणाल्या, "माझी बाय, आता तुझ्यावर नको येऊ दे ते घरचं." मी वाढत होतो, हातात भाताचं पातेलं होतं. प्रज्ञाने मान वर करून माझ्याकडे बघितलं.  घरी आलो, पाहुणे गेले, तरी तिने काही विचारलं नाही.

काल दुपारी ती गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी काढायला आली, मी आधीपासून वर होतो. चादरीचं एक टोक तिने धरलं, एक मी. घडी घालायला जवळ आलो तेव्हा तिने विचारलं, "पप्पा, आजी म्हणाली ते घरचं म्हणजे काय? आईला झालं ते?"

तिने विचारलं, विशाखा. तुझी अट पूर्ण झाली.

मी चादर खाली ठेवली आणि आम्ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो. मी तुझ्यासारखं सांगू शकलो नाही. मधे अडखळलो, एकदा उलटंच सांगितलं आणि परत दुरुस्त केलं. पण लपवलं नाही. रक्तातल्या चुकीबद्दल सांगितलं, निरोपाबद्दल सांगितलं, मिलिंदमामाबद्दल सांगितलं. ती तेरा वर्षांची आहे, तिने जीवशास्त्राच्या पुस्तकात पेशी बघितली आहे. तिने एकच विचारलं. "मला आहे का?"

"माहीत नाही. निम्मी शक्यता आहे असण्याची, निम्मी नसण्याची. आईने तपासू दिलं नाही. म्हणाली, ते तुझं तू ठरवायचं."

ती बराच वेळ फ्रॉकचा धागा ओढत राहिली. मग म्हणाली, "आई मला दर रविवारी तेल लावायची ना, तेव्हा सगळीकडे दाबून बघायची. गुडघे, पोटऱ्या, मान, पोट. एकेक ठिकाणी थांबायची. मी मोठी झाले तरी सोडायची नाही. मला वाटायचं, लाड करतेय."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं आपण एका घरात राहिलो, रविवारी मी पेपर वाचत बाहेरच्या खोलीत बसायचो, न्हाणीघरातून तुमच्या दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा, आणि तू आत तिच्या अंगावरून बोटं फिरवत गाठ शोधत होतीस. मला टपरीवर एवढं सुनावलंस आणि हे एकटीने करत राहिलीस. दर रविवारी काही न सापडल्यावर तू बाहेर यायचीस, तेलकट हात पुसत, आणि मला विचारायचीस चहा टाकू का. मला तुझा चेहरा आठवून बघायचाय त्या वेळचा. आठवत नाही. मी पेपरातून वर बघतच नव्हतो.

"लाडच होते ते," मी प्रज्ञाला म्हणालो.

"माहितीये," ती म्हणाली. आणि मग, "आता कोण बघणार?"

मी तिला सांगितलं की इथल्या लेडी डॉक्टरकडे जाऊ, त्या शिकवतील कसं बघायचं, मग तू स्वतः बघ, काही वाटलं तर मला सांग. तिने मान हलवली. आणि रक्ताचं, असं मी विचारायला गेलो. शब्द ओठांवर होता. गाइडसर ओळखीचे आहेत, एका फोनचं काम आहे, आता मला अडवणारं कुणी नाही.

तिनेच आधी सांगितलं. "पप्पा, ते रक्ताचं आत्ता नको. मी सांगीन तेव्हा. आणि मी सांगेपर्यंत मला विचारायचं नाही."

तोंडावळ्याने ती हुबेहूब तू नाहीस. ती माझ्यावर गेलीय, सगळे म्हणतात. पण काल तिने हे माझ्याकडे सरळ बघून सांगितलं, आवाज न चढवता.

मी म्हणालो, "बरं."

चादरी राहिल्या होत्या. आम्ही उठून उरलेल्या घड्या घातल्या. ती खाली गेली, तिला क्लासला उशीर होत होता. मी टाकीला टेकून थोडा वेळ तिथेच उभा राहिलो आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा रडलो. कुणी वर आलं नाही.